नेसून परत पाठवलेली साडी ओळखायची कशी?

वेंगुर्ल्याहून घरबसल्या साड्या आणि कुर्ते ऑनलाइन विकणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. गणपतीनंतरच्या पंधरवड्यात त्यांच्याकडे सात साड्या परत आल्या. कारणांत ‘रंग वेगळा’, ‘आवडली नाही’ आणि एकीवर चक्क ‘माप बसत नाही’ असे लिहिले होते. तिघींना उदबत्तीचा वास येत होता, एकीच्या काठाला लाल माती होती आणि एकीच्या पदरावर पिनेची भोके होती. नेसून परत केलेला कपडा खात्रीने ओळखता येतो का आणि अशा वेळी पैसे नाकारता येतात का, असे त्यांनी विचारले आहे.

गेली चौदा वर्षे मी ऑनलाइन विक्रीतून परत आलेले कपडे तपासण्याचे काम करतो. त्यातली पहिली सहा वर्षे भिवंडीच्या गोदामांत गेली आणि पुढची रत्नागिरीजवळच्या माझ्या छोट्या युनिटमध्ये. त्या अनुभवावरून आधी अप्रिय उत्तर देतो. ताई, या सातही साड्यांचे पैसे आपण परत करावेत. सातांपैकी दोन-तीन साड्या नेसलेल्या असतील असे मलाही वाटते, पण त्या आपल्याकडून निघाल्या तेव्हा कशा होत्या याची आपल्याजवळ काहीच नोंद नाही, आणि ती नसताना परत आलेल्या कपड्यावरची कोणतीही खूण फक्त ‘ही खूण आहे’ एवढेच सांगते. ती कुठे आणि कोणाच्या हातून पडली हे सांगत नाही. म्हणून आमच्याकडे परतीच्या तपासणीची सुरुवात पार्सल बांधण्याच्या टेबलावरच होते.

हे टेबल खिडकीशी, उत्तरेच्या उजेडात असावे. साडी बांधण्यापूर्वी चार फोटो काढावेत : पदर पूर्ण उघडून, आतल्या टोकाचा कोपरा, खालचा काठ आणि ब्लाउजपीसची जोड. त्यानंतर वजनकाट्यावर साडी ठेवून आकडा, ऑर्डरचे लेबल आणि टॅगचा क्रमांक एकाच न तोडलेल्या व्हिडिओत यावेत, आणि त्याच व्हिडिओत पिशवी सीलबंद व्हावी. साधा मोबाइल पुरतो. आमच्या मुली एका साडीला अडीच-तीन मिनिटे घेतात. सणाच्या गर्दीत ती जड वाटतात हे खरे, पण गर्दीत पाठवलेला मालच गर्दीने परत येतो.

टॅगविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेक विक्रेते इथेच फसतात. टॅग गनने मारलेली नायलॉनची पिन हा पुरावा नव्हे. ती गन आणि पिना कोणालाही बाजारात मिळतात, आणि लग्नाहून आल्यावर तोच टॅग पुन्हा मारून देणारे लोक मी पाहिले आहेत. क्रमांक छापलेले, एकदा ओढले की तुटल्याशिवाय न निघणारे सील टॅग घ्यावेत आणि ते लपवता येणार नाहीत अशा जागी लावावेत. साडीला ते पदराच्या दर्शनी बाजूस, काठाच्या किनारीतून, आणि कुर्त्याला पुढच्या गळ्याच्या शिवणीतून ओवावेत. रेशमाच्या अंगातून कधीही ओवू नयेत, नाहीतर आपणच भोक पाडून ठेवाल. असा टॅग असतानाही घरात आरशासमोर नेसून, घालून पाहता येते. फक्त तो मिरवत कोणी आरतीला उभे राहत नाही. गिऱ्हाइकाचा करून पाहण्याचा हक्क शाबूत राहावा आणि नेसून फिरण्याची सोय तेवढी जावी, हाच टॅगचा उपयोग. मात्र ‘टॅग काढल्यास, दोष नसलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही अट खरेदीच्या आधी, वस्तूच्या पानावरच, स्वच्छ मराठीत लिहिलेली हवी.

आता परत आलेली साडी उघडू. सर्वांत आधी ब्लाउजपीस पाहावा. साडीला जोडून आलेला तुकडा कापलेला असेल तर पुढची चर्चा जवळपास संपतेच, आणि आश्चर्य म्हणजे घाईत उघडणारे अनेकजण नेमके हेच पाहायचे विसरतात. त्यानंतर आतल्या टोकापासून खालच्या काठाची अडीच-तीन मीटर लांबी उजेडासमोर धरावी : तिथे फॉल लावून उसवला असेल तर सुईच्या बारीक भोकांची रांग दिसते. आतल्या टोकाचा वरचा कोपरा चुरगळून गोळा झाल्यासारखा असेल तर तिथे परकराच्या नाडीत खोचल्याची किंवा गाठ मारल्याची शक्यता असते. पुढे पदर. इथे भोके किती यापेक्षा ती कशी आहेत हे महत्त्वाचे. पदराच्या पाच-सहा निऱ्या एकावर एक घेऊन खांद्यावर पिन लावली की ती पिन सगळ्या थरांतून जाते. साडी उलगडल्यावर मग साधारण सारख्या अंतरावर भोकांची एक आडवी ओळ दिसते. भोक एकटेच, कुठेतरी अधेमध्ये असेल तर ते मागावरचे, टॅगचे किंवा दुकानातल्या घडीच्या टाचणीचे असू शकते. घड्यांचेही तसेच. कारखान्याच्या घडीच्या रेषा सरळ आणि काटकोनात असतात. नेसलेल्या साडीत कमरेजवळ, चार-पाच बोटांच्या अंतरावर उभ्या निऱ्यांच्या रेषा आणि बसल्यामुळे पडलेल्या तिरप्या, विस्कटलेल्या चुण्या त्यांच्यावर येतात.

काठावरची लाल माती हा आपल्या भागाचा खास साक्षीदार आहे. जांभ्यातली लोहयुक्त धूळ इतकी बारीक असते की ती विणीत शिरते आणि झटकून जात नाही. अंगणातून, पाखाडीवरून चाललेल्या साडीला ही माती खालच्या काठाच्या आतल्या बाजूस, पावलांच्या उंचीएवढ्या पट्ट्यात लागलेली असते. उलट पार्सल भिजून फाटले आणि माती आत गेली तर ती घडीच्या बाहेरच्या कडांवर लागते, म्हणजे साडी उलगडली की ठरावीक अंतराने डाग दिसतात. आपल्या साडीची माती कोणत्या प्रकारची आहे, हे एकदा उलगडून पाहावे.

गौरीच्या दिवसांत आणखी एक प्रकार येतो. साडी माणसाने नेसलेली नसते, गौरीला नेसवलेली असते. अशा साडीला घाम नाही, माती नाही, पण पिनेची भोके भरपूर, घडीत चार अक्षता, हळदीकुंकवाचे बोट, आणि जिथे तेरड्याच्या गौरी आणतात तिथे पाकळीचा गुलाबी डाग. पाठवणाऱ्याला यात काही वावगे केले असे बहुधा वाटतही नाही. देवीने नेसलेली साडी वापरलेली कशी म्हणायची, असा प्रश्न मला एकदा फोनवर गंभीरपणे विचारला गेला होता आणि मला उत्तर सुचले नव्हते.

शिवलेल्या कपड्यांत धुण्याच्या सूचनांचे छोटे सॅटिनचे लेबल हा सर्वांत प्रामाणिक भाग आहे. कुर्त्याला इस्त्री करून, कांजी देऊन तो नवा दिसेल असा करता येतो, पण लेबलाकडे कोणी लक्ष देत नाही. एका धुण्यातच त्याचे कोपरे वळतात, कडेचे धागे सुटतात आणि छपाई फिकी पडू लागते. त्याच्या जोडीला शिवणीवर चुण्या आल्या आहेत का, कारखान्याची खळ जाऊन कापड मऊ झाले आहे का, खिशाच्या कोपऱ्यात तंतूंचा मळ आहे का आणि काखेच्या शिवणीचे आतून काय दिसते, हे पाहावे. काखेत पांढरट किंवा पिवळसर, बोटाला कडक लागणारा पट्टा असेल तर तो घाम आणि घाम रोखणाऱ्या प्रसाधनांतील ॲल्युमिनियमचे क्षार यांचा असतो. तो एकदोनदा घालून पाहण्याने येत नाही. गळपट्टीवरची पावडर किंवा लिपस्टिकचा ठिपका मात्र घरी घालून पाहतानाही लागू शकतो आणि मी त्याला वापर मानत नाही.

वासावर माझा भरवसा कमी आहे, आणि कोकणात तो आणखी कमी ठेवावा. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. त्वचेवरचे आणि कापडावरचे जीवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा वास तयार होतो, आणि पॉलिस्टर तो सुती कापडापेक्षा जास्त धरून ठेवते. हे सगळे खरे असले तरी पार्सल गिऱ्हाइकाच्या घरून थेट आपल्या नाकाशी येत नाही. ते टेम्पोत सुक्या बोंबलाच्या गोणीशेजारी बसून येते, मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांवर झोपून येते, आणि जुलैत चार दिवस ओल्या गोदामात राहिले तर कोणी हातही न लावता बुरशीचा कुबट वास घेऊन येते. कांजी दिलेल्या सुती कापडावर तर बुरशी आनंदाने वाढते. शिवाय नाक थकते. दहा-बारा नग हुंगल्यावर तपासणाऱ्याला सगळेच नवे किंवा सगळेच वापरलेले वाटू लागतात. तेव्हा पिशवी उघडल्याच्या पहिल्या क्षणी काय जाणवले ते लिहून ठेवावे, मधूनमधून अंगणात फेरी मारून यावे, आणि केवळ वासाच्या आधारावर काहीही ठरवू नये. उदबत्तीच्या वासाने तर फारच थोडे सिद्ध होते : भाद्रपदात कोकणातल्या कोणत्या घरात उदबत्ती नसते?

हा धडा मी अपमानित होऊन शिकलो आहे. काही वर्षांपूर्वी एका वयस्कर बाईंनी परत पाठवलेल्या साडीच्या पदरावर मला सारख्या अंतरावरची पाच भोके दिसली. वर सांगितलेली सगळी लक्षणे जुळत होती. मी पैसे नाकारले आणि तसे जरा तोऱ्यातच कळवले. बाईंनी भांडण केले नाही. आमच्याच पानावरच्या लाइव्ह विक्रीचा दुवा त्यांनी पाठवला. त्यात आमचीच मुलगी तीच साडी निऱ्या घालून, खांद्याला पिन लावून दाखवत होती. बाईंनी ती साडी त्या व्हिडिओत पाहूनच मागवली होती आणि भोके दिसली म्हणून परत केली होती. म्हणजे सदोष माल पाठवणारा मी होतो आणि आरोपही मीच करत होतो. त्या दिवसापासून आमच्याकडे दाखवण्याची साडी आणि विकण्याची साडी वेगळी असते, आणि दाखवलेला नग कमी किमतीत, तसे स्पष्ट लिहूनच विकला जातो.

यूव्ही टॉर्चबद्दल अनेकजण विचारतात. घ्यायची तर ३६५ नॅनोमीटरची घ्यावी. स्वस्तातली ३९५ ची टॉर्च सगळ्यावर जांभळा उजेड पाडते आणि त्यात बारीक चमक हरवते. हळदीतले कुर्क्युमिन या प्रकाशात पिवळे-हिरवे चमकते, धुण्याच्या पावडरीतली पांढरेपणा वाढवणारी द्रव्ये, ज्यांना आपल्याकडे सरसकट टिनोपाल म्हणतात, ती निळसर पांढरी चमकतात. पण गंमत अशी की पांढऱ्या नव्या कापडावर गिरणीतच तशी द्रव्ये चढवलेली असतात, त्यामुळे पांढरा कुर्ता टॉर्चखाली झगमगला म्हणजे तो धुतलेला आहे असे मुळीच नाही. टॉर्चचा खरा उपयोग तुलनेत आहे : त्याच गठ्ठ्यातला न विकलेला नग शेजारी ठेवावा आणि फरक पाहावा. पिवळा डाग हळदीचा आहे का याची जुनी घरगुती खूणही आहे. साबणाच्या पाण्याचा थेंब लागताच हळद लाल होते. चुन्याने हळदीचे कुंकू होते तेच हे. ही परीक्षा फोटो काढून झाल्यावर आणि डागाच्या कडेला ओल्या कापसाच्या बोळ्याने करावी.

वजनाची नोंद मुख्यतः अदलाबदल पकडायला उपयोगी पडते, म्हणजे नव्या साडीच्या खोक्यात जुनी साडी आली तर. मात्र कापूस हवेतले पाणी पितो. ६५ टक्के आर्द्रतेला तो कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के पाणी धरतो, रेशीम ११ टक्के, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. रत्नागिरीच्या पावसाळ्यात आर्द्रता ९० टक्क्यांकडे सरकते तेव्हा ५०० ग्रॅमची सुती साडी काही न होता २०-२५ ग्रॅमने जड भरू शकते. मे महिन्यात पाठवलेली साडी जूनमध्ये जड आली म्हणून कोणाला दोष देऊ नये. पॉलिस्टरच्या साडीत मात्र एवढा फरक आला तर ती नीट उलगडून पाहावी.

आता एक हिशेब, जो मी प्रत्येक नव्या तपासनिसाला कागदावर करायला लावतो. समजा हजार परतीच्या कपड्यांत खरोखर वापरलेले ३० आहेत. आपली नजर इतकी तयार आहे की त्यातले ९० टक्के ती पकडते आणि न वापरलेल्यांपैकी फक्त ५ टक्क्यांवर चुकून शंका घेते. वापरलेले २७ सापडले. पण उरलेल्या ९७० पैकी ४८-४९ निर्दोष कपड्यांवरही बोट ठेवले गेले. म्हणजे ज्या ७५ जणांना आपण जाब विचारणार, त्यांतले जवळजवळ दोन-तृतीयांश निरपराध आहेत, आणि तेही इतकी चांगली नजर असताना. म्हणूनच माझ्याकडे नियम असा की एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन खुणा हव्यात, आणि त्यातली निदान एक पाठवतानाच्या नोंदीशी ताडता आली पाहिजे. तुटलेला सील टॅग आणि आतल्या काठाची माती, या दोन. उदबत्तीचा वास आणि हळदीचे बोट या दोन नव्हेत. ती एकाच देवघराची एकच खूण आहे.

गिऱ्हाइकाच्या खात्यावरून अंदाज बांधण्याचेही असेच आहे. सणाच्या दोन दिवस आधी मागवणे, सण संपल्यावर मुदतीच्या शेवटच्या दिवशी पिकअप मागणे आणि हे वर्षातून तीन-चारदा घडणे, ही लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. दोन मापे मागवून एक परत करणे ही लबाडी नाही. दुकानात चार कुर्ते घालून पाहतो तेच ते. ‘माप बसत नाही’ म्हणून साडी परत आली यावर मीही हसलो, पण लोक यादीतले पहिले कारण दाबतात, त्याला पुरावा समजू नये. आणि पत्त्यांवरून टोळ्या शोधणारी सॉफ्टवेअरे शहरासाठी बनलेली असतात. आपल्याकडे अख्ख्या वाडीची पार्सले नाक्यावरच्या एका किराणा दुकानात उतरतात, फोन त्या दुकानदाराचा असतो आणि वाडीतली निम्मी घरे एकाच आडनावाची असतात. अशा ठिकाणी ‘एकाच पत्त्यावरून आठ परती’ हा लाल शेरा आला तर तो त्या पत्त्याविषयी काहीच सांगत नाही. शिवाय सीओडीचे, म्हणजे माल हाती आल्यावर पैसे द्यायचे, पण न स्वीकारताच परत आलेले पार्सल वेगळे मोजावे. ते गिऱ्हाइकाने उघडलेलेच नसते.

कायद्याची बाजू थोडक्यात. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार माल सदोष असेल, जाहिरातीत दाखवल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीपेक्षा उशिरा पोचला असेल तर विक्रेत्याला तो परत घेण्यास नकार देता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिलावर मुदत लिहिलेली नसेल तर सदोष माल परत घेण्यासाठी ३० दिवस धरले आहेत. तेव्हा क्रम असा ठेवावा : आधी गिऱ्हाइकाची तक्रार खरी आहे का हे पाहावे, आणि ती खोटी ठरल्यावरच कपडा वापरला का हा प्रश्न काढावा. ‘रंग वेगळा’ म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत आपल्या फोटोतला रंग आणि साडीचा रंग उन्हात शेजारी ठेवून पाहिलाच पाहिजे. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याच्या आत निवारण, हेही त्याच नियमांत आहे, आणि गिऱ्हाईक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर केव्हाही जाऊ शकते. गिऱ्हाइकाचे नाव आणि फोटो विक्रेत्यांच्या व्हॉट्सॲप गटात ‘सावधान’ म्हणून फिरवण्याची जी पद्धत पडली आहे तिच्यापासून कटाक्षाने दूर राहावे. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६ बदनामीचे आहे आणि ते विक्रेत्यालाही लागू होते.

नकार द्यायचाच झाला तर पत्रात ‘फसवणूक’ हा शब्द नसावा. मी साधारण असे लिहितो : ‘आपण परत पाठवलेल्या साडीचा सील टॅग तुटलेला असून खालच्या काठाच्या आतल्या बाजूस मातीचा पट्टा आहे. पाठवतानाचे आणि उघडतानाचे फोटो सोबत आहेत. आमच्या अटींनुसार ही साडी परत घेता येत नाही. ती आमच्या खर्चाने आपल्याकडे पुन्हा पाठवत आहोत. आपले म्हणणे वेगळे असल्यास कृपया कळवावे.’ फोटो जोडलेले असले की बहुतेक वेळा उत्तर येत नाही. उत्तर आले तर ते नीट वाचावे, कारण त्यातच कधीतरी आपल्याच लाइव्हचा दुवा असतो.

आपल्या सात साड्यांपैकी उदबत्तीच्या तीन साड्या दोन दिवस सावलीत वाऱ्यावर टाकून पुन्हा तपासाव्यात. बाकी काही नसेल तर त्या नव्याच आहेत. मातीची साडी धुऊन ‘एकदा वापरलेली’ असे लिहून कमी किमतीत विकावी, नवी म्हणून नव्हे. पिनेची भोके असलेल्या साडीचे फोटो गिऱ्हाइकाला पाठवण्यापूर्वी मात्र आपली श्रावणातली सगळी लाइव्ह रेकॉर्डिंग एकदा बसून पाहावीत. लग्नसराईचा माल तुळशीच्या लग्नाआधी भरावा लागेल. सील टॅग त्याच्या आधी मागवून ठेवावेत.